जानकीचा तिसरा फेरा

जोगेश्वरीच्या गुंफांवरच्या टेकाडाला एक पत्र्याची बैठी चाळ चिकटून होती. तिच्या नवव्या खोलीत जानकी परब राहायची. तिचा पत्ता कुणाला सांगावा लागत नसे. पहाटे कोंबडा आरवला की आवाजाच्या दिशेनं चालू लागायचं आणि ज्या दारातून शिव्या ऐकू येतील, त्याच्या पुढच्या दारात थांबायचं. शिव्या देणारा दादू. तो रात्रपाळी करून नुकता आडवा झालेला असायचा.

"मावशी, तुझ्या कोंबड्याचं नरडं एक दिवस मीच दाबणार, सांगून ठेवतो!"

"दाब रे बाबा," जानकी आतून म्हणायची, "पण वडे करूक तुझ्या बायलेक सांग. माझे हात दुखतत."

पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. खोली दहा बाय बारा. तीत जानकी, तिचा मुलगा चंद्रप्रकाश, सून मालन, दोन शाळकरी नातवंडं, आणि खाटेखाली लाकडी खोक्याला जाळी ठोकून केलेला खुराडा. दिवसा कोंबड्या दारापुढच्या गल्लीत असायच्या. गल्ली कसली, चार हात फरशी आणि मधून गटार! त्या फरशीवर कोंबड्या नखं घासून घासून उकरायच्या. खाली माती नाही, किडा नाही, काही नाही. पण कोंबडी ती, उकरणारच. जानकी उंबऱ्यावर बसून हे बघायची आणि तिचा जीव तुटायचा. त्यातली एकही कोंबडी जन्मात गवतावर उभी राहिलेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माया तर बाई कोंबडी खात नसेल. खायची हो! गटारीला कोंबडा कापला की पहिली तंगडी तिची. पण अंड्यावरची कोंबडी तिनं कधी कापू दिली नाही, आणि कवडीच्या वंशातली तर नाहीच नाही. कवडी म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. साठ-एकसष्ट साली जानकी नवऱ्यामागून मुंबईला आली, तेव्हा एका हाताला चंदू होता आणि दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत पहिली कवडी. बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरताना माणसं हसली होती. तिच्या नातीची नात की पणती, हिशेब जानकीलाच ठाऊक, आता खाटेखाली होती. तिचंही नाव कवडीच.

जानकीचं गाव देवगड तालुक्यातलं. घरामागं काजूची झाडं, त्यांच्यावर चढण आणि चढणीच्या माथ्यावर सडा. सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडं माळरान, पण पावसाळ्यानंतर बघावं तर गुडघाभर गवत. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की कोंबड्या रांगेनं चढण चढून सड्यावर जायच्या. दिवसभर गवतात दिसायच्याही नाहीत. दिवस कलला की आपल्या आपण खाली. हाक मारायला लागायची नाही. जानकी मागल्या दारी उभी राहून त्यांना नुसती मोजायची.

तिच्या नवऱ्यानं, दत्तारामानं, गिरणीत साच्यावर उभं राहून उभा जन्म काढला, आणि दर मे महिन्यात एकच गोष्ट सांगितली. "रिटायर झालंय काय दुसऱ्या दिसाची एसटी. सड्याखाली तुका खुराडो बांधून देतंय, वीस कोंबड्यांचो." जानकी तोंडानं "व्हय व्हय, बघलंय तुमचो खुराडो" म्हणायची आणि मनात खुराड्याचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं ते ठरवायची. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली असताना दत्ताराम गेला. बाराव्यानंतर गावाहून दिराचं पत्र आलं. घर शाकारलंय, ओटीला नवं कुलूप लावलंय, वैनी, मे महिन्यात जरूर या, पाहुणचार करू.

पाहुणचार! सोळाव्या वर्षी ज्या घरात आली, ज्याची जमीन तिनं हातानं सारवली, त्या घरात पाहुणचार! जानकीनं पत्र घडी करून ट्रंकेत टाकलं. नंतर ती गावाला गेली नाही. पण ओढ काय कुलपाला ऐकते? संध्याकाळ झाली की तिचं लक्ष लागायचं नाही. भाकरी थापता थापता हात थांबायचा. मालन म्हणायची, "आई, तवा जळतोय." मग हात पुन्हा चालायचा.

परबांच्या घरात एक रीत होती. नवी कोंबडी आणली की तिला काखेत धरून चुलीभोवती तीन फेरे घालायचे आणि दर फेऱ्याला सांगायचं, "ह्यां तुझां घर. दिसभर खंय व्हया थंय फिर, सांजेक हंय ये." मग तीन दिवस डालग्याखाली झाकून ठेवायची. चौथ्या दिवशी सोडली की कोंबडी घर विसरत नाही. कोणी शहाणा म्हणेल, फेऱ्यांनी काय होतंय, कोंडून ठेवल्यानं जागा लक्षात राहते. असेल बुवा. पण परबांच्या घरात फेऱ्याशिवाय कोणी आत आलेलं नव्हतं, कोंबडी नाही आणि सूनही नाही. जानकीला तिच्या सासूनं असंच हाताला धरून चुलीभोवती फिरवलं होतं.

आणि जानकीनं मालनला. मालन वाकोल्यात जन्मलेली, नळावर भांडून पहिला हंडा भरणारी पोरगी. लग्न होऊन माप ओलांडून आत आली, तर सासूनं पेटता स्टो खोलीच्या मध्यावर ठेवलेला, आणि हाताला धरून गोल गोल! रीत काय ती नंतर कळली, तेव्हा मालननं नवऱ्याला विचारलं, "तुझी आई काय मला कोंबडी समजते?" चंद्रप्रकाश म्हणाला, "हो." दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

मुंबईत मात्र जानकीला कुणी फिरवलं नव्हतं. फिरवणारं माणूसच नव्हतं. ती हे कधीतरी हसून सांगायची, "माझे फेरे थंयचेच. हंयचो एक पण नाय." सगळे हसायचे, तीही हसायची. पण ती खरंच तसं मानायची.

सत्त्याऐंशी साली म्हाडाच्या सोडतीत चंद्रप्रकाशचा नंबर लागला. बोरिवलीत तिसऱ्या माळ्यावर ब्लॉक. दोन खोल्या, घरात नळ, घरात संडास. अकरा वर्षं डबा घेऊन लाईनीत उभी राहिलेली मालन ते पत्र हातात घेऊन रडली. तिचं चूक होतं असं कोण म्हणेल? दसऱ्याला राहायला जायचं ठरलं.

"आये," चंद्रप्रकाश जेवता जेवता, ताटाकडे बघत म्हणाला, "तिसऱ्या माळ्यावर कोंबड्या नाय चालणार. बिल्डिंग आहे ती."

"माका माहीत आसा," जानकी म्हणाली. तिनं त्याला आणखी भात वाढला.

दादू तयारच होता. "मावशी, माझ्याकडे दे. दसरा झकास होईल आपला."

"तुझ्या पोटात सोडूक मी त्यांका वाढवलंय मरे?"

तिला त्यांना द्यायचं होतं ते गवतावर. एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. आपल्याला सडा मिळाला नाही, निदान ह्यांना तरी एकदा मिळू दे. आणि जागाही होती. टेकाडापलीकडे आरेच्या कुरणांत पाड्यावर राहणारी चंपा दिवसाआड डोक्यावर रानभाजी घेऊन चाळीत यायची. दहा वर्षांची ओळख. टाकळ्याची जुडी ठेवायची, दोन अंडी घेऊन जायची. तिच्या कोंबड्यांना मागच्या उन्हाळ्यात रोग येऊन सगळा खुराडा रिकामा झाला होता. चंपा तर लगेच हो म्हणाली. "दे मावशे. माझ्या झोपडीमागं गवतच गवत. अंडी आणून देत जाईन तुला."

सगळं जमलं, आणि जानकीचा पाय निघेना. आधी गणपती होऊ देत म्हणाली. मग म्हणाली, "पितरांच्या पंधरवड्यात नवीन काम कोण करता?" मग अमावास्या. मालन कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, उद्या घट बसतायत. आता कोणतं कारण उरलंय ते तरी सांगा." काहीच उरलं नव्हतं.

पहिल्या माळेच्या सकाळी जानकीनं टोपलीच्या तोंडावर जुनं लुगडं बांधून ती डोक्यावर घेतली आणि चंपाबरोबर बसमध्ये चढली. कोंबड्यानं बसमध्येच बांग दिली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं तिकीट कोण काढणार? उतरा उतरा." उतरल्या. मग दोघी चालत गेल्या, तासभर. टोपलीतून कुरकुर ऐकू यायची, तशी जानकी वर हात नेऊन टोपलीला थोपटायची.

चंपाच्या झोपडीमागं उतार होता. उतारावर पोटरीभर गवत, मधूनच कातळ वर आलेला. जानकी बघतच राहिली. झाडं वेगळी होती, समोर तबेल्यांची छपरं दिसत होती, पण पायाखाली तेच. तिनं चपला काढून ठेवल्या.

रीत तिला तोंडपाठ होती. अंगणात चंपाची तीन दगडांची चूल होती. जानकीनं एकेक कोंबडी काखेत धरून फेरे घातले. पहिला फेरा. "ह्यां तुझां घर." दुसरा फेरा. "ह्यां तुझां घर." कवडीच्या अंगाची ऊब तिच्या बरगड्यांना लागत होती. छातीत तिचं बारकं काळीज धडधडत होतं. आणि जानकी थांबली.

तिसरा फेरा घातला की कवडी चंपाची. मग सत्तावीस वर्षं जो धागा तिनं धरून ठेवला होता, टोपलीतून, बोटीतून, खाटेखालून, तो सुटला. घालवेना तिला. तिनं मान वळवून पाहिलं. चंपा आत मडक्यातनं पाणी काढत होती. जानकीनं सहाही जणांचे दोन-दोनच फेरे घातले आणि टोपली उचलून उताराकडे चालू लागली.

चंपा मागून म्हणाली, "मावशे, दोन-तीन दिस कोंडायला नको का?"

"नको गो. माझे शिकलेले आसत," जानकी धडधडीत खोटं बोलली. तिला त्यांना गवतावर बघायचं होतं, आज, आता, स्वतःच्या डोळ्यांनी. तीन दिवसांनी ती कुठं तिथं असणार होती?

तिनं टोपली आडवी केली. कोंबडा ऐटीत बाहेर आला, गवताला पाय लागला तसा पाय वर घेऊन तसाच उभा. कोंबड्या टोपलीच्या तोंडाशी गोळा झाल्या. एकही पुढं होईना. काळी तलंग, त्यांच्यातली सगळ्यांत लहान, उलटी आत शिरायला लागली. "गो बायांनो," जानकी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, "गवत आसा ता. खावचां नाय तुमका." शेवटी कवडीनं मान वाकडी करून खाली बघितलं. एक पाऊल. नखानं एकदा उकरलं. फरशीवर जसा जोर लावायची तसाच लावला, आणि मातीचा केवढा थोरला फवारा मागं उडाला! ती स्वतःच दचकली. मग परत उकरलं. खालून काहीतरी वळवळलं ते तिनं टिपलं. मग काय विचारता. दुपारपर्यंत सहाही जणांनी तो उतार डोक्यावर घेतला. जानकी कातळावर बसून होती. तिला भूक लागली नाही, तहान लागली नाही. कितीतरी वर्षांनी ती इतकी सुखी होती, आणि तेवढंच दुखतही होतं.

दिवस कलायच्या आत ती निघाली. मागं वळून बघितलं नाही.

चौथ्या माळेला चंपा चाळीत आली ती भाजी न घेताच. दारातच बसली. "मावशे, तुझ्या कोंबड्या खुराड्यात शिरत नाहीत गं. सांज झाली की जिथं तू टोपली उघडलीस ना, तिथंच गवतात जाऊन बसतात. सगळ्या एका रांगेत. मी धरून आणते, परत जातात. काल मुंगसानं काळीला नेलं."

जानकीच्या हातातला पोळपाट तसाच राहिला. तिच्या कोंबड्या टोपलीची वाट बघत बसल्या होत्या. टोपली येईल, बाई येईल, घरी नेईल.

"मी येते तुमच्याबरोबर," मालन म्हणाली. कोंबड्यांची घाण अकरा वर्षं तोंड वाकडं करून पुसणारी मालन. दुसऱ्या दिवशी पोरांना शेजारी सोडून ती खरंच निघाली.

उतारावर काळी पिसं पडलेली होती. जानकीनं त्यातलं एक उचललं, पदरात बांधलं. बाकीचे पाच जण दिसले. हाकेसरशी धावत आले, तिच्या पायांत घुटमळले. तिनं कवडीला उचललं, चंपाच्या चुलीपाशी नेलं आणि एक फेरा घातला. खाली ठेवली. दुसरीला उचललं. एक फेरा. मालन बघत होती.

"एकच?"

"दोन आधी झाले."

मालनला कळायला क्षणभर लागला. "म्हणजे तेव्हा तुम्ही मुद्दाम..."

"व्हय." जानकी कोंबड्याला काखेत घेऊन उभी होती. "माका सोडवना गो. माझ्याच राहूक व्हये होते. दोन फेऱ्याची कोंबडी हंयची नाय, थंयची नाय. माका माहीत होतां. तरी केलंय. काळी माझ्यामुळे गेली."

मालननं उरलेली कोंबडी पकडून सासूच्या हातात दिली. पाचही फेरे झाले. पाचही जणांना खुराड्यात कोंडून जानकीनं चंपाला बजावलं, "तीन दिस. तुझ्या हातचांच दाणो-पाणी. माझ्या आवाजाची सवय मोडूक व्हयी." आणि दोघी लगेच निघाल्या.

नवव्या माळेला, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी, जानकी एकटीच पुन्हा गेली. लांब कातळावर उभी राहिली. कोंबड्या गवतात पांगलेल्या. कवडीची नुसती ठिपकेदार पाठ दिसत होती. राहवलं नाही म्हणून तिनं हाक मारली, "ती ती ती ती!" कवडीनं मान वर केली. बघितलं. कवडीनं मान खाली घातली आणि उकरायला लागली.

दिवस कलला तशी एकेक कोंबडी उतारावरून निघाली. जानकीच्या अगदी जवळून, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून, पाचही जण गेले, चंपाच्या अंगणात शिरले, खुराड्यात चढले. हाक मारायला लागली नाही. जानकीनं मोजलं. पाच. "बरां झालां," ती स्वतःशी म्हणाली. खरंच बरं झालं होतं. घरी येईपर्यंत ती वाटेत तीनदा बसली.

दसऱ्याला टेम्पोत सामान चढलं. दादूनं सगळ्यांत जास्त उचललं आणि शेवटी जानकीच्या पाया पडला. "मावशी, आता मला उठवणार कोण गं?" म्हणाला आणि त्याचेच डोळे भरले.

बोरिवलीचा ब्लॉक छान होता. पांढऱ्या भिंती, खिडकीला गज, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. गॅस यायचा होता, म्हणून ओट्यावर तोच जुना स्टो. मालन दिवसातून चार वेळा नळ सोडून बघायची. पोरं जिन्यावरून धडाधड पळायची. जानकीनं मात्र आपली ट्रंक उघडली नाही. "काय लागलां तर काढतंय," म्हणायची. लागलं की काढायची आणि परत घालून ठेवायची. पहाटे चारला जागी व्हायची आणि शांततेत पडून राहायची.

आठ-दहा दिवसांत बिल्डिंगमधल्या बायका तिला ओळखायला लागल्या. तळमजल्यावरची सुगंधा एकदा मालनला जिन्यात म्हणाली, "तुमच्या सासूबाई रोज तिन्हीसांजेला खाली मागच्या प्लॉटवर जाऊन बसतात हो. ते पण दक्षिणेकडे तोंड करून. असं बसू नये म्हणावं."

मालन दचकली. ती समजत होती, म्हातारी देवळात जाते.

त्या संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला जानकी घरात नव्हती. मालन खाली उतरली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर अजून पाया खणलेला नव्हता, गवत माजलं होतं. गवतात जानकी बसली होती. चपला बाजूला, पाय गवतात. तोंड दक्षिणेला. दक्षिणेला जोगेश्वरी, तिथंच पलीकडे चंपाचा उतार आणि त्याच्याही खाली, लांब, बोटीच्या वाटेनं, देवगड. कुणीतरी येईल, टोपलीत घालून घरी नेईल, अशी बसली होती.

चंपाचे शब्द मालनच्या कानांत होते. तिथंच गवतात जाऊन बसतात. मी धरून आणते, परत जातात.

"आई, चला घरी."

"येतंय. तू हो पुढे."

"नाही. माझ्याबरोबर चला."

तिनं सासूला हात धरून तीन माळे चढवलं. आत आल्यावर दार लावलं. ओट्याकडे बघितलं. ओटा भिंतीला लागून. ह्याच्याभोवती कोण कसं फिरणार? घर बांधणाऱ्यांना काय कल्पना, की ह्या मुंबईत कुणाला चुलीभोवती फिरावं लागतं! मालननं ओट्यावरचा स्टो दोन्ही हातांनी उचलला आणि खाली, बरोबर लादीच्या मध्यावर ठेवला. पंप मारला. काडी ओढली. स्टो भुरभुरला आणि निळा पेटला. चंद्रप्रकाश नुकताच कामावरून येऊन बूट काढत होता, तो एक बूट हातात घेऊन तसाच थांबला.

"ह्यां काय गो?" जानकी म्हणाली.

"मला फिरवलंत तेव्हा विचारलं होतंत का? या इकडे."

मालननं तिचा हात धरला. म्हातारीचा हात गवतानं अजून ओलसर होता. पहिला फेरा. मालनला मालवणी नीट येत नव्हती, तिनं आपल्या वाकोल्याच्या जिभेनं म्हटलं, "हे तुमचं घर. दिवसभर कुठं पण फिरा, संध्याकाळी इथं यायचं." जानकी हसायला लागली. दुसऱ्या फेऱ्याला ती हसत नव्हती. "हे तुमचं घर," मालन म्हणाली. जानकीनं तोंडात पदर कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांत ह्या शहरात तिला हाताला धरून हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा फेरा पुरा झाला आणि जानकी थांबली. मालननं हात ओढला. ती हलली नाही.

"आई, एक राहिला."

"तिसरो ऱ्हवांदे, मालन."

"का?"

जानकीनं सुनेकडे बघितलं. तिचे डोळे एखाद्या सोळा वर्षांच्या पोरीचे असावेत तसे दिसत होते. "थंय जावक गावला तर?" ती हळूच म्हणाली.

चंद्रप्रकाशनं मान खाली घातली. कोण नेणार होतं तिला? ओटीला कुलूप होतं, खुराडा बांधून देणारा माणूस गेला होता. हे त्याला माहीत होतं, मालनला माहीत होतं, आणि जानकीला तर सगळ्यांहून जास्त माहीत होतं. दोन फेऱ्याची कोंबडी कुठलीच राहत नाही, हे तिनंच आपल्या तोंडानं सांगितलं होतं. मालनच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे. स्टो मी इथंच ठेवते. तुम्हाला वाटेल तेव्हा घाला."

त्याच स्टोवर, खाली बसून, तिनं चहा केला. तिघांनी जमिनीवर बसून तो प्यायला.

पुढच्या वर्षी घरात गॅस आला, ओट्यावर दोन चुलींची शेगडी आली. बिल्डिंगमधल्या बायका यायच्या आणि विचारायच्या, "अगं, एवढा ओटा असून हा स्टो वाटेत कशाला ठेवलायस? पाय लागतो." मालन म्हणायची, "असू दे, आईंचा आहे." ती रोज सकाळी लादी झाडायची ती स्टोच्या भोवतीनं, स्टो न हलवता.